साडेआठ तासांचं लंडन

तारकर्लीच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल आणि गणित शिकवून गुरुदास मास्तर निवृत्त झाले, तरी या दोहोंपैकी आपल्याला नेमकं काय येतं याची त्यांना अजून खात्री पटली नव्हती. फळ्यावर उदाहरण सोडवलं की उत्तर ते खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहीत, चुकलं तर पुसायला सोपं म्हणून. वाटेत समोरून म्हैस आली तरी आधी मास्तर कडेला होत, मग म्हैस विचार करी. पत्नी सावित्रीबाई होत्या तोवर घरातले निर्णय त्या घेत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून मास्तर पुस्तकं वाचत होते. वाचताना कुणी काही ठरवायला सांगत नाही.

बासष्ट सालच्या जानेवारीत एका सकाळी शेजारची सुशीला कुंपणापाशी येऊन उभी राहिली. सुशीला म्हणजे रुक्मिणीबाईंची थोरली सून. तिचा नवरा शंकर मुंबईला गिरणीत, आणि धाकटा दीर सत्यवान यंत्रकाम शिकायला दोन वर्षांसाठी लंडनला निघालेला. वाडीतून विमानात बसणारा तो पहिलाच माणूस. त्याला मालवणच्या धक्क्यावरून आगबोटीत बसवून द्यायला निम्मी वाडी गेली होती.

"मास्तरकाका," सुशीला म्हणाली, "विमान लंडनाक पोचाक किती वेळ लागता, ता तुमी सांगूक व्हया. आयेन देव पाण्यात ठेवचे ठरवल्यान हत."

यात नवल नव्हतं. रुक्मिणीबाईंचे यजमान गंगाराम तांडेल गलबत घेऊन मंगळूरपर्यंत जात, आणि ते गेले की देव्हाऱ्यातले देव तांब्याच्या घंगाळात पाण्यात बसत. तांडेल घरी आले की देव कोरडे होत. एकदाच चूक झाली होती. कुणीतरी ओरडलं, डोलकाठी दिसली. बाईंनी आनंदाने देव बाहेर काढले. आणि ते गलबत निघालं दुसऱ्याच कुणाचं. तांडेल चार दिवसांनी आले ते फाटकं शीड आणि डाव्या हाताची तीन बोटं घेऊन. आता तांडेलही नव्हते, पण ती गेलेली दोन बोटं रुक्मिणीबाई विसरल्या नव्हत्या.

"देव रवांदेत पाण्यात," सुशीला म्हणाली. "पण ह्या फावटी ती म्हणता, विमान टेकासर पाणीसुद्धा तोंडात घेवचंय नाय. तार येवक दोन दीस लागतत. गेल्या एकादशीक ती बावीवर चक्कर येवन पडली. डॉक्टरांनी सांगितलेला आसा, पाण्याशिवाय ठेवू नको म्हणान. शेवटी मी तिका कबूल करून घेतलंय. मास्तर जो वेळ सांगतील, त्या वेळाक ती पाणी पितली."

"मी सांगेन त्या वेळेला?" मास्तरांनी विचारलं. ते कायम पुस्तकी मराठीत बोलत. भ्यायले की मात्र मालवणी बाहेर येई.

"तुमच्यार तिचो विश्वास आसा."

आजवर त्यांच्यावर कुणी एवढा विश्वास टाकला नव्हता, आणि टाकू नये असंच त्यांचं मत होतं.

तरी ते कामाला लागले. घरातल्या नकाशात मुंबई आणि लंडन यांच्यात दीड वीत अंतर होतं. पण सपाट कागदावर पृथ्वी मावत नाही, हे त्यांनीच मुलांना शिकवलं होतं. म्हणून ते शाळेत गेले आणि पृथ्वीचा गोल मागून आणला. गोलाला ऑस्ट्रेलियाच्या जागी पोचा होता, पण तिकडे कुणी जायचं नव्हतं. सुशीलेने फुलांचे वळेसर ओवायचा दोरा दिला. मास्तरांनी तो विषुववृत्ताभोवती गुंडाळला: एकोणचाळीस इंच. म्हणजे पंचवीस हजार मैल. मग मुंबईवर एक टोक आणि लंडनवर दुसरं: सात इंच. त्रैराशिक मांडलं. साडेचार हजार मैल, थोडे कमी.

हे चाललेलं असताना बाबली खलाशी येऊन ओट्यावर बसला. बाबलीने तीस वर्षं आगबोटींवर काढलेली, लंडनला दोनदा जाऊन आलेला. विमान निघालं म्हटल्यापासून वाडीत त्याचा भाव उतरला होता, आणि ते त्याला सोसत नव्हतं.

"ह्यो दोरो खंयसून गेलो?" त्याने गोलाकडे पाहत विचारलं.

"इराणवरून, रशियाच्या टोकावरून."

"थंयसून कोण जाता? आधी एडन येता, मगे सुवेज. एडन बघल्याशिवाय लंडन येवचा नाय."

"विमानाला समुद्र लागत नाही, बाबली."

"मगे पडला तर खंय पडतला?" असं म्हणून बाबलीने तंबाखू मळायला घेतली. मास्तर पडण्याबद्दल विचार करत बसले.

तिसऱ्या दिवशी सत्यवानाचं मुंबईहून पत्र आलं. त्यात लिहिलं होतं: विमान बुधवारी पहाटे पाचला सुटतं आणि दुपारी दीडला लंडनला उतरतं. वेग ताशी पाचशे तीस मैल. मास्तरांनी साडेचार हजाराला पाचशे तीसने भागलं. उत्तर आलं साडेआठ. मग पाचपासून दीडपर्यंतचे तास बोटांवर मोजले. साडेआठ.

ते दोन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. एक उत्तर दोऱ्याने आलेलं, दुसरं पोस्टाने, आणि दोन्ही एकच. आयुष्यात प्रथमच मास्तरांनी उत्तर कागदाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"मालवणाहून मुंबईला आगबोट एक दिवस आणि एक रात्र घेते," ते सुशीलेला म्हणाले. स्वतःच्या आवाजातला भरवसा त्यांना परका वाटत होता. "आणि मुंबईहून लंडन साडेआठ तास. वहिनींना सांग, दीड वाजता पाणी घ्या."

बुधवारी पहाटे पाचच्या आधीच रुक्मिणीबाईंनी घंगाळ भरून देव आत ठेवले, वर धुवट फडका टाकला आणि माजघरात बसल्या. मास्तर बाहेर ओट्यावर घड्याळ घेऊन बसले. वाडीत बिनचूक चालणारं घड्याळ तेवढं एकच होतं. शाळेतून निवृत्त होताना मिळालेलं. पेजेची वाटी घशाखाली उतरली तेवढीच. त्यावर काही खाण्याचं धैर्य त्यांना झालं नाही.

ऊन चढलं तशी माणसं जमली. बायका आत, पुरुष ओट्यावर. प्रत्येक जण येऊन विचारी, "खंय पोचला?" आणि मास्तर कागदाकडे पाहून सांगत. आठला ते इराणवर होतं. अकराला तर मास्तरांनी कॅस्पियन समुद्रही मागे टाकला. बाबली प्रत्येक ठिकाणाला मान हलवून म्हणे, "थंय बंदर नाय."

एकला आतून सुशीलेने येऊन हळूच सांगितलं, आयेचे ओठ सुकले आहेत. मास्तरांचेही सुकले होते. काटा दीडवर आला. मास्तरांनी आधी घड्याळ कानाला लावून ते चालू आहे याची खात्री केली, आणि मग म्हणाले, "टेकलं."

आत घंटा वाजली. बायकांचा गलका झाला. सुशीलेचा आवाज आला, "घेवा आये, सगळा पाणी पिया." मास्तरांनी डोळे मिटले. लोक त्यांच्याकडे पाहत होते, आणि पाहण्यात मान होता. कुणीतरी त्यांच्या हातात केळीच्या पानावर शिरा ठेवला.

बाबली शिऱ्याचा घास तोंडात टाकून भिंतीला टेकला. आज त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं, म्हणून तो आपणच बोलू लागला. "आता लंडनात लोक उठान चाय पीत असतले."

"दुपारी दीडला चहा?" एकाने विचारलं.

"दीड हंय. थंय आत्ता सकाळचे आठ. आमी बोटीवरसून जायत होतो तेवा दर दोन दिसांनी घड्याळ मागे घेवचा लागा. कप्तान सांगा, अर्धो तास मागे. अर्धो तास जास्ती झोपाक गावा. येताना मात्र तितकीच झोप कापून घेय, चोर."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. शिऱ्याचं पान त्यांच्या हातात तसंच राहिलं.

रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. एकतीस वर्षं त्यांनी हे शिकवलं होतं. हे न येणाऱ्या मुलांना बाकावर उभं केलं होतं. त्यांतला एक तर आता मालवणात पोस्टात होता आणि अजून मास्तरांना पाहून नकळत उठून उभा राहत असे. लंडनला सकाळचे आठ. विमान उतरणार तिथल्या दीडला. म्हणजे इथे संध्याकाळचे सात वाजणार. साडेआठ तास नाहीत, चौदा. आणि भागाकार? भागाकारात विमान एकदम सरळ, न थांबता गेलं होतं. पत्राच्या मागच्या बाजूला सत्यवानाने लिहिलंही होतं, वाटेत तीन ठिकाणी थांबतं. ते मास्तरांनी वाचलं होतं. पण गणित जुळल्यावर मागची बाजू कोण पाहतो?

पोरगा अजून आकाशात होता. साडेपाच तासांची वाट शिल्लक, आणि देव कोरडे.

"मास्तरांनू, शिरो खावा," बाबली म्हणाला. "थंड जाता."

"घरी नेतो," म्हणत मास्तर उठले.

घरी आल्यावर त्यांनी शिरा फडताळात ठेवला आणि खुर्चीत बसले. विमान देवांमुळे वर राहतं असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पुस्तकांत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण पुस्तकांत बरोबर लिहिलेलं असूनही आपण काय केलं, हे आत्ताच दिसलं होतं. देव आहे याची त्यांना जितकी खात्री नव्हती, तितकीच नाही याचीही नव्हती.

गप्प बसावं, तर कुणाला कळणार नव्हतं. उद्या-परवा तार येईल, सुखरूप पोचल्याची, आणि मास्तरांचा मान तसाच राहील. सांगावं, तर त्या बाईच्या छातीत धस्स होईल, ती पुन्हा पाणी सोडील, आणि या खेपेला विहिरीवर न पडता माजघरातच पडेल. दोन्हीकडून पाप आपल्याच पदरात.

शेवटी ते उठले आणि सावित्रीबाईंच्या देव्हाऱ्यातले देव काढून तांदूळ धुवायच्या टोपात पाण्यात ठेवले. "तुमचो संबंध नाय ह्यात," ते हात जोडून म्हणाले. "पोर शेजारचा. पण थोडा बघा." मग त्यांना शंका आली की दुसऱ्या घरचं काम हे देव मनावर घेतील का. म्हणून भर म्हणून त्यांनी ठरवलं, सात वाजेपर्यंत आपणही पाणी प्यायचं नाही. हे ठरवताक्षणीच त्यांना कडकडून तहान लागली.

दुपार कशी गेली ते त्यांनाच ठाऊक. मडक्याकडे पाठ करून बसले, तर मडकं पाझरण्याचा आवाज येई. वाचायला पुस्तक घेतलं, तर पहिल्याच पानावर नदी. कबुलीची चिठ्ठी लिहून सुशीलेच्या हाती द्यावी म्हणून तीन वेळा मसुदा केला. तिसऱ्यात साडेपाच तासांचं गणित पुन्हा तपासून खाली ताळा घातला. मग वाटलं, ताळा घालून कबुली देणारा माणूस जगात नसेल, आणि चिठ्ठी फाडली. पावणेसातला ते कुंपण ओलांडून गेले.

रुक्मिणीबाई तुळशीपुढे दिवा लावत होत्या. सुशीला दारात तांदूळ निवडत होती. मास्तर अंगणाच्या कडेला थांबले.

"येवा मास्तरांनू," बाई म्हणाल्या. "तोंड कित्याक असा सुकला?"

"वैनी, माजी चूक झाली." मास्तरांची मालवणी सुटली होती. "विमान अजून वरच आसा."

सुशीलेचा हात सुपात थांबला. मास्तरांनी एका दमात सगळं सांगितलं: लंडनचं घड्याळ, बाबलीचा कप्तान, अंशाला चार मिनिटं, पत्राची मागची बाजू. बाई ऐकत राहिल्या.

"म्हणजे मिया पाणी पियालंय, तेवा माजो झिल खंय होतो?"

"कैरोच्या जवळपास. बहुतेक."

"थंय पाणी आसा?"

"नाईल नदी आसा."

"बरा," बाई म्हणाल्या, आणि थोडा वेळ दिव्याची वात सारखी करत बसल्या.

"वैनी, अजून पंधरा मिन्टां आसत. देव परत पाण्यात ठेवा. मिया हात जोडतंय."

"देव पाण्यातच आसत," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

मास्तरांना कळेना. सुशीलेलाही. बाई आत गेल्या आणि घंगाळ उचलून ओट्यावर आणलं. फडका बाजूला केला. पाण्याखाली अन्नपूर्णा, गणपती, बाळकृष्ण शांत बसलेले.

"पण घंटा वाजली," मास्तर म्हणाले.

"ती निवेदाची घंटा, देवांक शिरो दाखवलंय. सुशीलेन पाणी पियाक सांगल्यान, मिया पियालंय. देव काढूक मिया कोणाक कबूल केलंय?" त्या घंगाळाशेजारी बसल्या. "ह्यांचा गलबत दुपारी धक्क्याक लागा, पण माणूस घराक येय तिनीसांजेक. माल उतरूक व्हयो, जकातवाल्याक भेटूक व्हया, मगे दोस्त गावतत. म्हटलंय, झिल बापसाचोच. टेकलो तरी दिवेलागणीशिवाय घराक पोचाचो नाय. म्हणान ठेवले."

मास्तर ओट्याच्या पायरीवर बसले. "बरा झाला," ते म्हणाले. "मिया दुपारपासना पाणी घेवक नाय."

हे सांगायचं नव्हतं. पण तोंडातून गेलं.

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "दुपारपासना?"

"सकाळी वाटीभर पेज घेतलंय."

"पेज धरूची नाय. ती विमान सुटताना." बाई आता हिशेबी झाल्या होत्या. "आणि आता टेकला?"

मास्तरांनी घड्याळ दिव्याजवळ धरलं. सातला तीन मिनिटं होती. ती तीन मिनिटं सगळ्यांनी मिळून पाहिली. काटा सातवर आला, तरी मास्तर घड्याळाकडेच पाहत राहिले.

"टेकला मां?"

"गणित बरोबर असात, तर टेकला."

"तुमचा गणित दुपारीपण बरोबर होता."

मास्तरांनी घड्याळ खिशात घातलं.

"मगे आता तार येयसर देव पाण्यातच," रुक्मिणीबाईंनी निकाल दिला. "माजा पाणी मोडला. तुमचा मोडूक नाय. तुमी तसेच रवा."

"आये," सुशीला म्हणाली, "मास्तरकाका साठीचे आसत."

"माका सांगतंस? मिया अठ्ठावन्नाची. त्यांका डॉक्टरान नाय म्हणान सांगलेला नाय."

मास्तर नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हणण्याची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती.

रात्र त्यांनी पृथ्वीचा गोल उशाशी घेऊन काढली. सकाळी वाडीला बातमी कळली आणि बाबली मुद्दाम पितळीभर चहा घेऊन त्यांच्या ओट्यावर बसला. "बोटीवर पाणी संपला होता एकदा," तो फुरके मारत म्हणाला. "लाल समुद्रात. तीन दीस. माजी जीभ अशी झाली होती, चामड्यासारकी. तुमची दाखवा बघूया." मास्तरांनी दाखवली. "नाय, अजून होवची आसा," बाबली म्हणाला. मग जरा वेळाने चहाची पितळी त्याने मास्तरांच्या नजरेआड खाली ठेवली आणि उरलेला चहा प्यायलाच नाही.

दहाला सुशीलेने ओला फडका आणून दिला, ओठांना लावायला. आत जाऊन रुक्मिणीबाईंना विचारून आणला होता.

साडेअकराच्या सुमाराला तारवाला सायकल ढकलत वाळूतून आला. तार इंग्रजीत होती, म्हणून ती मास्तरांच्याच हाती आली. त्यांनी ती एकदा वाचली, पुन्हा वाचली, मग उलटून मागची बाजूही पाहिली. मागे काही नव्हतं.

"वाचा," रुक्मिणीबाई म्हणाल्या. सगळी वाडी अंगणात उभी होती.

"सुखरूप पोचलो," मास्तर म्हणाले. "धुक्यामुळे विमान तीन तास उशिरा."

गलका झाला, तो रुक्मिणीबाईंनी हात वर करून थांबवला. "म्हणजे सातांकपण वरच होतो?"

"हो. आपल्या दहापर्यंत."

"तेवा पाण्याशिवाय कोण होता?"

सगळे मास्तरांकडे पाहू लागले, आणि मास्तर सवयीने मागे वळून कुणाकडे पाहतायत ते बघू लागले. मागे केळीची झाडं होती.

बाईंनी देव पुसून देव्हाऱ्यात ठेवले. बाबलीने स्वतः माडावर चढून शहाळं काढलं, सोलून मास्तरांच्या हातात दिलं. मास्तर ते दोन्ही हातांनी धरून प्यायले, आणि थोडं सदऱ्यावर सांडलं तरी त्यांना लाज वाटली नाही. अंतर चुकलं होतं, वेळ चुकली होती, सुधारलेली वेळसुद्धा चुकली होती. न चुकता जमलं होतं ते तहानलेलं राहणं, एवढंच. संध्याकाळी टोपातले आपले देव पुसताना त्यांनी ते सावित्रीबाईंच्या फोटोला सांगितलंही, हळू आवाजात.

पुढे दोन वर्षांनी सत्यवान परत यायला निघाला. पत्रात त्याने शुक्रवारचं विमान सुटण्याची वेळ, उतरण्याची वेळ, दोन्हीकडची घड्याळं, वाटेतले मुक्काम, सगळं नीट लिहून पाठवलं होतं. मास्तरांनी गोल पुसून ठेवला, दोरा काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि वाट पाहत बसले. दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाई कुंपणापाशी आल्या. अंतर, वेग, वेळ यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"मास्तरांनू," त्या म्हणाल्या, "येत्या शुक्रवारी तुमका खंय जेवणाचा आमंत्रण नाय मां?"